इरिंगाला स्वेटर लागतो

सोवनीकाका तापमान सांगत नाहीत, गाव सांगतात. आणि ती सगळी गावं टांझानियातली.

अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरला सकाळी दाट धुकं पडलेलं असतं, बसस्टॉपवरचा दिवा तेवढा पिवळट दिसत असतो. आपण "गुड मॉर्निंग, काका" म्हणावं, तर ते नाक वर करून हवा हुंगतात आणि जाहीर करतात, "आज लुशोतो." लुशोतो हे तिकडचं डोंगरातलं गाव. तिथे ढग घरात येऊन बसतात म्हणे. ऑगस्टमध्ये शर्ट अंगाला चिकटला की, "आज टांगा. जुनं बंदर. दुपारी सगळं गाव झोपतं, बोटीसुद्धा." कोरडा वारा सुटला की डोडोमा. जानेवारीत गुडघाभर बर्फात आम्ही बसची वाट बघत कुडकुडत असताना मी एकदा मुद्दाम विचारलं, "आता सांगा काका, आज कुठलं गाव?"

"मोशी," ते लगेच म्हणाले. "मोशीतून किलिमांजारो दिसतो. डोक्यावर बर्फ, पायथ्याला कॉफीचे मळे. आपण फक्त डोक्यावर राहतोय, इतकंच."

मी व्यवहारी बाई आहे. फ्रिजवर किराण्याची यादी, फोनमध्ये कामांची यादी, आणि या दोन्ही याद्या तपासायची आठवण ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये. नवरा मंदार म्हणतो, तू झोपेतही टिक मारतेस. असल्या माझ्यासारखीला काकांचा त्रास व्हायला हवा होता. पण झालं उलटंच. मीटिंगमध्ये कुणी बजेटचे आकडे वाचत असायचं आणि माझ्या डोळ्यांसमोर तांबड्या मातीचा रस्ता निघायचा. रस्त्याच्या कडेला आंब्याची झाडं, एक सायकलवाला, मागे केळ्यांचा घड. मी कधीच न पाहिलेला तो सायकलवाला मला रोज दिसायला लागला.

काका आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी जन्मभर इथल्या गाड्यांच्या कंपनीत ब्रेक डिझाइन केले. निवृत्त झाल्यावर गाडी विकून टाकली आणि बसने फिरायला लागले. वर्षातले आठ महिने अंगात एकच तपकिरी स्वेटर, कोपरांना ठिगळं लावलेला. डोक्याला टोपी नाही. एक मुलगी आहे, "तिकडे असते", एवढंच आम्हाला माहीत होतं. "तिकडे म्हणजे कुठे?" विचारलं की काका बस आली का ते बघायला रस्त्यावर उतरायचे.

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला काकांचा खरा रंग चढतो. भेळेची प्लेट हातात घेऊन ते माणूस हेरतात.

"काय मग, सुट्टीत कुठे?"

"कॅन्कून, काका. बुकिंग झालंय."

"कॅन्कून? तिथे काय आहे? पाणी! पाणी झांझिबारलाही आहे. शिवाय तिथे दरवाजे आहेत. पितळी खिळ्यांचे, कोरीव. गल्ल्या अशा की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला घरी परत जावं लागतं."

"काका, टांझानिया सरकार कमिशन देतं का यार तुम्हाला?"

"मग बागामोयो," काका ऐकतच नाहीत. "जुनं बंदर, पडकं. नारळाखाली उभं राहायचं आणि शिडं बघायची. मग म्वांझा. सरोवरात हत्तीएवढे दगड एकावर एक ठेवलेत, कुणी ठेवले कुणास ठाऊक. आणि मध्ये दोन रात्री इरिंगा."

हे "मध्ये दोन रात्री इरिंगा" माझ्या कानाला खटकायचं. काकांचा मार्ग कुठूनही निघो, कुठेही जावो, तो इरिंगावरून जायचाच. आणि तिथे पोचल्यावर एकच सूचना: "स्वेटर न्या. आफ्रिका म्हटलं की लोक उकाडा समजतात. इरिंगा उंचावर आहे. संध्याकाळी स्वेटर लागतो." आणखी एक गोष्ट होती. इतकी वर्षं रोज कुठलं ना कुठलं गाव जाहीर करणारे काका "आज इरिंगा" असं मात्र एकदाही म्हणाले नव्हते.

"तुम्ही कधी गेला होतात?" मी एकदा विचारलं.

"मी? छे! मला कुठे जमतंय."

माझ्या पन्नाशीला मंदारने झांझिबारची टूम काढली. त्याला फक्त समुद्रकिनारा आणि आडवं पडायला जागा हवी होती. बातमी कळताच काका आमच्या स्वयंपाकघरात हजर झाले आणि त्यांनी माझा मसाल्याचा डबा ओट्यावर रिकामा करायला घेतला.

"हे दार-ए-सलाम," हळदीची वाटी. "हे समोर पाण्यात झांझिबार," जिऱ्याची वाटी सिंकच्या काठावर. "आणि हे इरिंगा." हिंगाची डबी त्यांनी लांब, पार मायक्रोवेव्हपाशी नेऊन ठेवली.

मंदारने हिंगाच्या डबीकडे पाहिलं. "काका, झांझिबार समुद्रात आहे. हे आत, उलट्या बाजूला. हे म्हणजे पुण्याहून गोव्याला व्हाया नागपूर झालं."

"नागपूरला संत्री मिळतात," काका म्हणाले.

आमच्या लेकीने, इराने फोनमधून डोकं वर काढलं. "काका, इज देअर वायफाय?"

"असेल बेटा. पण संध्याकाळी स्वेटर लागतो."

मी यादीत तीन स्वेटर लिहिले. इरिंगाही लिहिलं. का, ते सांगता येणार नाही. बहुधा त्या सायकलवाल्यामुळे.

इथे एक रिवाज सांगायला हवा. आपल्यातलं कुणी कुठेही निघालं, की अख्खी वसाहत पिशव्या घेऊन दारात येते. "एवढंच गं, हलकं आहे." कुणाच्या सासूची औषधं, कुणाच्या भाचीचे बूट. सोवनीकाका या प्रकाराच्या सक्त विरोधात. "दुसऱ्याच्या बॅगेत माझं रुमालभरही ओझं नको," असं ते इतरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. त्यामुळे आम्ही निघायच्या आदल्या दुपारी ते काखेत पुडकं घेऊन आले, तेव्हा मी हातातला वजनकाटा तसाच खाली ठेवला.

"हलकं आहे," ते म्हणाले.

पुडक्याच्या फाटक्या कोपऱ्यातून तपकिरी लोकर दिसत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. अंगात नुसता शर्ट.

"केतकी असते इरिंगाला. माझी मुलगी. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. एका वर्षासाठी गेली होती, मग फोन आला, इथेच राहतेय, इथेच लग्न करतेय, तुम्ही या. मी एक वाक्य बोललो. नको ते." काका खुर्चीवर न बसता खुर्चीची पाठ धरून उभे होते. "जन्मभर ब्रेक बनवले, तोंडाला एक बसवायचा राहिला. आता दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी सेम टू यू पाठवतो."

"आणि लग्नाला?"

"नाही गेलो. हायस्कूलला असताना हा स्वेटर ती पळवायची. थंडीत मी कोट घालून घरात बसायचो. घेतला तर दे. नाही घेतला तर आण परत, काही बोलू नकोस."

मी कधी नव्हे ते पुडक्याचं वजन केलं नाही.

दार-ए-सलामहून बस निघाली. दुपारी एका दरीत बाओबाबची झाडं लागली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जाडजूड, करडी, पानं नसलेली झाडं, जणू सगळी आमची बस जाईपर्यंत बोलायची थांबली होती. मग घाट. वर आलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि इरिंगा डोंगराच्या कड्यावर पसरलेलं होतं. तांबडा रस्ता होता. कडेला आंबे होते. एक सायकलवालाही गेला, पण त्याच्या मागे केळी नव्हती, गॅसचा सिलिंडर होता.

मी फोन केला होता, त्यामुळे केतकी शाळा सुटल्यावर गेस्ट हाउसवर आली. पस्तिशीची, काकांसारखंच रुंद कपाळ. पुडकं तिने मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. मग मी काकांचं हवामान सांगायला लागले. धुक्यातलं लुशोतो, बर्फातलं मोशी, हिंगाची डबी. ती हसली, हसता हसता तिने पुडकं सोडलं.

"ताई, ते काय म्हणाले होते मला, सांगितलं का तुम्हाला?"

"नको ते एक वाक्य, इतकंच."

"म्हणाले, असल्या गावात कुठे लग्न करतात, नकाशात तरी आहे का ते?" तिने स्वेटर अंगात चढवला. बाहेर वारा सुटला होता. "आणि आता मसाल्याच्या डब्यातून नकाशा मांडतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिचा नवरा आम्हाला बसवर सोडायला आले. त्यानेच माझ्या हातात गवताची विणलेली टोपली दिली, आत चहाची पुडी. केतकीने खिडकीशी येऊन निरोप सांगितला.

आम्ही परतलो तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. या दिवसांत मिशिगनमध्ये एखादी संध्याकाळ अचानक गार निघते. टोपली घेऊन मी स्टॉपवर गेले. काका बाकावर शर्टाच्या बाह्या खाली ओढून बसले होते. मी टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्या काठावरून बोट फिरवलं.

"बाओबाब दिसले का घाटाच्या आधी?"

"दिसले."

"बाजारात पेरू?"

"होते. इराने खाल्ले."

त्यांचं बोट काठावर थांबलं. "संध्याकाळी?"

"लागला स्वेटर."

"बसला का नीट?"

"बाह्या दुमडाव्या लागल्या."

"पहिल्यापासून लागतात तिला," काका म्हणाले.

बस आली, दार उघडलं. काकांनी ड्रायव्हरला मानेनेच नाही म्हटलं. बस गेली.

"काका, तिने निरोप दिलाय. म्हणाली, बाबांना सांगा, नकाशात आहे. आणि म्हणाली, पाहुण्यांची खोली रिकामी आहे."

समोरच्या मेपलच्या पानांतून वारा आला, टोपलीतून चहाचा वास आला. मीही शहारले.

"चला घरी, गारठलात. आज काय म्हणायचं मग, लुशोतो?"

काकांनी नाक वर केलं, हवा हुंगली. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"नाही," ते म्हणाले. "आज इरिंगा."