वेगबदलाचे मान्यताप्राप्त शब्द

आमच्या गावात गामेलानचा वाद्यमेळ वाजवताना कोणी कोणाला 'जलद' किंवा 'हळू' म्हणत नाही. काशाची वाद्यं घेऊन आम्ही अठरा जण चटईवर बसतो आणि ढोलावर म्बाह दार्मोंचा हात पडेल तसे चालतो. म्हाताऱ्याचा हात पुढे सरकला की आम्ही सरकतो, जड झाला की जड होतो. शेवटी मी मोठ्या गाँगवर ठोका टाकतो आणि चाल संपते. चाळीस वर्षांत हे कोणालाही खटकलं नव्हतं. संस्कृती कार्यालयाला ते गेल्या वर्षी खटकलं.

तपासणीला कार्यालयाचे पाक हर्जुनो आले. त्यांनी चहा घेतला, तळलेली केळी घेतली, मग वही उघडली.

"वेग वाढवायचा असल्यास आपण कोणता शब्द वापरता?"

"कोणताच नाही," म्बाह म्हणाले.

"मग यांना कळतं कसं?"

"कळतं."

पाक हर्जुनोंनी लिहिलं : 'वादक कळण्यावर अवलंबून आहेत.' खाली लाल रेघ ओढली.

ठरलेल्या शब्दांवर वाजवण्याचा परवाना नसेल तर मंडपात वाजवायला बंदी आली. पुढच्याच महिन्यात म्बाहंच्या नातीचं, सेकारचं लग्न होतं. आईबापाविना वाढलेली पोर. तिचं पाऊल आपल्या ढोलावर पडावं, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं. म्हणून ते म्हणाले, "लिहा बाबा तुमचे शब्द."

शब्द व्याख्येसह आले. वेग कमी करण्यासाठी सात. 'मंदावणे' म्हणजे थांबण्याचा हेतू नसताना हळू होणे. 'आवरते घेणे' म्हणजे हेतू असताना. 'रेंगाळणे' फक्त अहवालात वापरावे. वेग वाढवण्यासाठी दोनच; 'घाई' हा शब्द कार्यालयीन कामकाजाशी सुसंगत नसल्याने वगळला होता. शब्द पुकारायला अधिकृत उद्घोषक हवा. ती जबाबदारी पाक हर्जुनोंनी स्वतःवर घेतली.

पहिल्याच तालमीत त्यांनी "आवर!" म्हणताच आमच्यातल्या थोरल्या बू सुमिनेमने वाजवायची हातोडी खाली ठेवली.

"मला 'आवर'? तुमच्या आईच्या वयाची आहे मी. तिला असंच बोलता का घरी?"

हरकत रास्त होती. आमच्याकडे थोरांशी बोलायची भाषा वेगळी, धाकट्यांशी बोलायची वेगळी, आणि वाजवायला आम्ही सरमिसळ बसतो. तेव्हा पुरवणी आदेश निघाला : शब्द वयाच्या क्रमाने, प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगावा, तोवर कोणीही वेग बदलू नये. शेवटच्या वादकापर्यंत शब्द पोचायला सव्वादोन मिनिटं लागत.

परवान्याच्या परीक्षेत शब्दाआधी हळू होणाऱ्याचे गुण कापत. मी दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा युक्ती सापडली : ढोल ऐकायचाच नाही, मांडीवरची शब्दांची यादी बघायची. मग सगळेच उत्तीर्ण झाले.

लग्नाच्या दिवशी मंडपाच्या एका टोकाला सेकार, दुसऱ्याला नवरा मुलगा. पहिली चाल संपून गाँग पडला की दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं, अशी आमची रीत. चाल सुरू झाली. पाक हर्जुनोंना मुलाकडच्यांनी आग्रहाने जेवायला नेलं.

चाल फिरत राहिली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. सेकारच्या डोक्यावर सोन्याच्या काट्यांचा जड अंबाडा, वर मोगऱ्याच्या माळा. ती डुलायला लागली. ओठ पांढरे पडले.

म्बाहंचा हात जड झाला. आम्ही झालो नाही. हात आणखी जड झाला, मग थांबला. आम्ही बिनचूक वाजवत राहिलो.

"अरे, पोर पडेल ती! गाँग टाक!" म्बाह माझ्याकडे बघून ओरडले.

"म्बाह," मी यादीवर बोट फिरवत म्हणालो, "हे यादीत नाही."

सेकारने अंबाड्यातले काटे उपसले, वाटेत टाकले आणि वाजत्या चालीतच एकटी चालत आली. नवऱ्याकडे नाही, ढोलाकडे. म्हाताऱ्याचा हात धरून तिथेच खाली बसली.

तेवढ्यात पाक हर्जुनो हात पुसत आले आणि त्यांनी वयाच्या क्रमाने आम्हाला आवरतं घ्यायला सांगितलं.

त्यांच्या अहवालात लिहिलंय : 'एकही वादक शब्दाआधी हळू झाला नाही. अत्यंत समाधानकारक.' वधूच्या नावाने 'विनापरवाना वेगवाढ' अशी नोटीस निघाली. म्बाहंनी त्यानंतर ढोलाला हात लावला नाही. परवाना चौकट करून भिंतीवर लावलाय.

आम्हाला हसायचं तर खुशाल हसा. आमच्या मांडीवर निदान यादी होती. मंडपात चारशे पाहुणे होते, त्यांच्याकडे यादी नव्हती आणि त्यांना कोणी बांधूनही ठेवलं नव्हतं. सगळ्यांना पोर डुलताना दिसत होती. तेही कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून बसून राहिले, तुमच्यासारखेच, हसत.