फ्री लूकवाले परबकाका

हल्लीची पोरं ऑनलाइन बूट मागवतात, घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून बघतात आणि परत पाठवतात. आमच्या शेजारचे परबकाका आरोग्य विमा असा मागवतात.

पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती पसंत नसेल तर परत करता येते, असा सरकारी नियम आहे. त्याला फ्री लूक म्हणतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कुणीतरी फसलेलं, भाबडं गिऱ्हाईक असणार. परबकाका नसणार. त्यांना एकदा जरी भेटले असते, तरी नियम केलाच नसता.

दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत काका एकटे राहतात. लग्न केलं नाही. रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तिथे म्हणे डबा उघडून, काडीने ढवळून बघितल्याशिवाय माल पुढे सोडायचे नाहीत. आता डबे संपले, म्हणून माणसं ढवळतात. लिफ्टमध्ये भेटले की ‘कसा आहेस’ वगैरे नाही. थेट प्रश्न. "प्रमोद, तुझा वेटिंग पिरियड संपला काय रे?" म्हणजे विमा घेतल्यावर काही आजारांचे पैसे मिळायला जी वर्षं थांबावं लागतं, ती. लिफ्टमधले बाकीचे लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी तुरुंगातून जामिनावर सुटलोय.

माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला आले होते. ओटी भरलेली, बायका गाणी म्हणतायत, आणि हे जिलबी खात तिला म्हणतात, "बाळंतपणाला वेटिंग पिरियड असता गो. आधी विचारायचा ना माका!" आठव्या महिन्यात हा सल्ला! ती बिचारी काय करणार होती?

काकांचा खरा उत्साह मात्र एजंट आला की बघावा. कुणाचातरी फोन आला, तर आपण ‘नको हो’ म्हणून कापतो. काका त्याला घरी बोलावतात. बांगडे तळतात, चहा टाकतात आणि समोर बसवून अख्खी पॉलिसी मोठ्याने वाचून घेतात. पट्टीचे एजंट दुसऱ्या भेटीआधीच काकांचा नंबर ब्लॉक करायचे.

बोरिवलीची स्नेहल तेवढी टिकली. नवी होती, म्हणून टिकली असणार. एका रविवारी काकांनी मलाही साक्षीदार म्हणून नेऊन बसवलं.

"काका, तुम्ही एकटेच ना? मग इंडिव्हिज्युअल पॉलिसी घ्या, सोपं पडेल," ती म्हणाली.

"सोपा काय ता मी ठरवीन. वाच. खोलीच्या भाड्याचा वाच."

तिने वाचलं. हॉस्पिटलमध्ये ठरावीक भाड्याच्या वरची खोली घेतली, तर बाकीचं बिलही त्या हिशेबात कापलं जाईल.

"म्हणजे? मी आजारी पडायला चाललंय की लॉजवर?"

ती हसली. हसायला नको होतं. काकांना चेव आला आणि माझा अख्खा रविवार गेला.

पॉलिसी आली. महिना भरत आला तेव्हा काकांनी परत केली. कारण काय, तर नावात परबच्या जागी ‘परव’ छापलं होतं. एका फोनवर दुरुस्त झालं असतं! पोरीने पुन्हा खेपा घातल्या, दुसरी पॉलिसी आणली. तीही गेली. या वेळी कारण होतं, अक्षर बारीक आहे.

मी चिडून म्हटलं, "काका, कंपनी पटत नसेल तर पॉलिसी चालू ठेवा आणि मुदत संपताना दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा. झालेला वेटिंग पिरियड फुकट जात नाही. हे काय पोरखेळ लावलेत?"

"पोर्टेबिलिटी तू माका शिकव मेल्या!" असं म्हणून त्यांनी तो नियम मला कलमवार ऐकवला. दारात उभं करून, माझ्या हातात दुधाची पिशवी असताना.

मग एका दुपारी ते जिन्यात वाकून बसलेले दिसले. गॅसचा सिलिंडर सरकवायला गेले होते. तोंड पांढरंफटक. मी रिक्षात घातलं. रिक्षात कण्हत कण्हत हा गृहस्थ मला सांगतोय, "हर्निया दिसता. ह्याका वेटिंग पिरियड असता प्रमोद. निवृत्त झाल्यावरची पहिली पॉलिसी ठेवली असती, तर तो कधीच संपलो असतो. आज कॅशलेस झाला असता." रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मला वाटलं, उतरून चालू पडावं.

आतडं अडकलं होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. गावच्या घराच्या छपरासाठी ठेवलेली मुदतठेव त्यात मोडली.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर, मी खुर्चीत. मी सुनावलंच. "सगळे नियम पाठ, आणि स्वतःच्या अंगावर एक पॉलिसी नाही. कशाला परत करत होतात?"

काका सलाईनकडे बघत म्हणाले, "पॉलिसी ठेवली की मग कोण येता रे? वर्षातून एकदा मोबाइलवर मेसेज. वाचूक बसला की माणूस दोन-दोन तास बसता. ती स्नेहल तर चहात आलं कमी आहे म्हणून सांगायची."

एवढ्या मोठ्या मूर्खपणाचं कारण इतकं छोटं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी बाहेर गेलो आणि स्नेहलला फोन लावला.

ती संध्याकाळी आली. दारातूनच सुरू झाली. "दोन पॉलिस्या परत केल्यात, मी काही बोलले? पण पोटात दुखत होतं तर एक फोन करायला काय झालं होतं हो?"

ती तणतणत नर्सकडे गेली, औषधं कुठली, जेवणात काय, टाके कधी काढायचे, सगळं विचारून आली आणि औषधांची चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलमध्ये निघाली.

"जाशील गो मगे," काका म्हणाले. टाके ओढले गेले असणार, कारण चेहरा आक्रसला, तरी त्यांनी हळूहळू पाय एका बाजूला घेतले आणि कॉटवर तिच्यापुरती जागा केली. "जरा बस."