आवाजवाले म्हात्रे

आमच्या बिल्डिंगमधले म्हात्रे कधी बेल वाजवत नसत. दाराबाहेर उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि सांगायचे, "बी विंग. तिसरा मजला. संध्याकाळचे साडेसहा वाजले आहेत. हरेश्वर म्हात्रे वाटीभर साखर मागण्यासाठी आपल्या दारात उभे आहेत." हे सगळं इतक्या गंभीर, भरलेल्या आवाजात, की आतल्या माणसाला वाटावं कुठेतरी धरणबिरण फुटलं. पहिल्या वेळी मी हातात झारा घेऊनच दार उघडलं होतं. पुढे सवय झाली. मी आतूनच सांगायचे, थांबा, आणते.

हा माणूस आवाजावर पोट भरायचा. म्हणजे कसं, तर टीव्हीवर एक बाई कपडे धूत असते आणि कोणीतरी न दिसणारा पुरुष साबणाचं कौतुक करत असतो. तो न दिसणारा पुरुष म्हणजे आमचे म्हात्रे. आधी ते सातिवलीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते. तेव्हा मुंबईत नवीन एफएम रेडिओ सुरू झाले होते आणि ज्याचा त्याचा घसा खाजवत होता. म्हात्र्यांनी नोकरी सोडली आणि ते व्हॉइसओव्हर आर्टिस्ट झाले. चाळिशी आलेली, लग्न केलेलं नाही, बोळिंजला वन रूम किचन. सोडायला तरी दुसरं काय होतं म्हणा.

मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे या कलेचा सगळ्यात जास्त त्रास मला. म्हात्रे घरीच रेकॉर्डिंग करायचे, तेही गोधड्यांच्या आत. ऐन मे महिन्यात दोन गोधड्या डोक्यावरून घेऊन, आत टेपरेकॉर्डर, माईक आणि टॉर्च. बाहेरचा आवाज नको म्हणून पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. घामाने निथळत बाहेर यायचे आणि जिन्यात मला गाठून विचारायचे, वहिनी, पाण्याचा पंप कधी लावणार? मी सांगायचे, टँकर आला की. तर म्हणायचे, अर्धा तास थांबता येईल का, माझं थंडगार सरबत अर्धवट राहिलंय. सगळी बिल्डिंग अंघोळीसाठी खोळंबलेली आणि यांचं सरबत! मी पंप लावायचे. ते निमूट परत गोधडीत शिरायचे.

त्यांची आणखी एक खोड होती. बोलताना जीभ अडखळली की म्हात्रे थांबायचे आणि अख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून, त्याच भावात. स्टुडिओत तसंच करतात म्हणे. चुकलेला तुकडा कापून टाकायचा आणि नवा जोडायचा. पण आमच्या आयुष्यात कापणार कोण? समोरच्या घरातले आजोबा गेले तेव्हा म्हात्रे भेटायला आले. "आजोबांच्या जाण्याने आपल्या सर्वांच्या" इथवर आले आणि खोकला आला. थांबले. "आजोबांच्या जाण्याने" पुन्हा सुरू. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आजोबांची मुलगी रडता रडता फिसकन हसली. म्हात्रे मात्र वाक्य पूर्ण करूनच उठले.

आणि कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी, "एकदा लेव्हल घेऊ." भाजीवाल्याशी भाव करायचा तरी लेव्हल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार मांडायची तरी लेव्हल. लेव्हल म्हणजे माईकवर आवाज किती येतो ते बघणं, म्हणून मग हॅलो, हॅलो, एक, दोन. माईक नाही, काही नाही. आमचे हे तर म्हणायचे, हा माणूस झोपेत घोरायच्या आधीसुद्धा लेव्हल घेत असेल.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस कळत नव्हती. दर महिन्याला म्हात्र्यांकडे रिक्षातून तांदूळ यायचे, घरचे, हातसडीचे. एकटा माणूस एवढ्या तांदळाचं करतो काय? एकदा गोणी जिन्यात फुटली, आम्ही दोघं तांदूळ भरत बसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. तांदूळ आई पाठवते. गाव नायगावच्या पलीकडे खाडीकाठी, थोडी शेती. सत्तरी ओलांडली तरी म्हातारी रोज डोक्यावर टोपली घेऊन वसईच्या बाजारात भाजी विकायला बसते. डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघे गेलेत, ओझं उचलू नका. ती ऐकत नाही. का, तर हरीची नोकरी सुटली, तो घरी बसून आहे, त्याला खायला कोण घालणार?

मी म्हटलं, अहो, मग सांगा ना तिला, की तुम्ही कमावता.

सांगून दमलो, म्हणाले. रेडिओ नेऊन ऐकवला. जाहिरात लागली तेव्हा बोट दाखवून सांगितलं, हा मी. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, हा माझा हरी नाही. वर म्हणाली, काम नाही तर नाही, पण खोटं बोलू नकोस. हे सांगताना म्हात्रे तांदळातला खडा शोधत होते. मला वाईट वाटलं. चाळिशीच्या माणसाला आईने खोटारडा ठरवावं, आणि तेही त्याच्याच आवाजावरून!

पुढच्याच आठवड्यात ते अर्ज घेऊन आले. सोसायटीचा हॉल एका रविवारी हवा होता. वसई-विरारच्या आवाज कलावंतांचा मेळावा भरवायचा होता. नेटवर्किंग, म्हणाले. आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना आवाजाने ओळखतात, तोंडाने कोणीच नाही. सगळे जमतील, कार्डं देतील-घेतील, मुंबईहून एक रेकॉर्डिस्ट येईल, तो नवीन आवाज ऐकेल. मी म्हटलं, चांगलं आहे. मग म्हात्रे म्हणाले, "वहिनी, पहिल्या रांगेत आईला बसवणार आहे."

त्यांचा हिशेब मला पटला. आईच्या लेखी धंदा म्हणजे जो चार माणसं करतात तो. भाजीवाल्याला भाजीवाले भेटतात, कोळ्याला कोळी. हरी एकटाच काहीतरी बडबडतो म्हटल्यावर तो धंदा कसा? पण हॉलभर माणसं हेच करताना दिसली, आणि त्यांच्यात हरी सगळ्यात वरचढ निघाला, की तिला पटेल. मग ती टोपली खाली ठेवेल. त्यासाठी हा सगळा खटाटोप होता. मी अर्जावर सही केली आणि त्या दिवशी पंप बंद ठेवायचंही कबूल केलं, यावरून काय ते समजा.

मेळाव्याचा नियम म्हात्र्यांनी स्वतः काढला होता. स्टेजवर पडदा लावायचा. प्रत्येकाने पडद्यामागे जाऊन आपली ओळख आवाजातून करून द्यायची. रेकॉर्डिस्टने फक्त कानाने निवडायचं. चेहरा दिसला की आवाज नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पडद्याला म्हणून माझी दिवाणावरची मोठी चादर गेली.

काय ती माणसं जमली! रिक्षावर भोंगा लावून सर्कशीची जाहिरात करणारे, क्रिकेटच्या टुर्नामेंटला कॉमेंटरी करणारे, ऑर्केस्ट्राचे निवेदक, भुईगावच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, वाचन करणारे एक सद्गृहस्थ. माईकमध्ये घरघर येते म्हणून हॉलचे सगळे पंखे बंद. बटाटेवडे मागवले होते, पण तेलाने घसा धरतो म्हणून कोणी हात लावेना. सगळे कोमट पाणी मागत होते. ओळखी अशा चाललेल्या, "अरे, तुम्हीच का ते मलम?" "हो, आणि हे आमचे प्रेशर कुकर." साधं 'पंखा लावा हो' म्हणायचं तरी प्रत्येकजण पोटातून आवाज काढत होता. आमचे हे दाराशी बसून एकटेच वडे खात होते.

आई आली ती बाजारातूनच. ठेंगणी, काटक, लुगडं नेसलेली. रिकामी टोपली खुर्चीखाली सारली आणि माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, आता हरेश्वर बोलणार हं, नीट ऐका. तिने पदर सावरला, पुढे झुकली आणि चादरीकडे बघत राहिली.

म्हात्रे शेवटी होते. आणि काय बोलले म्हणून सांगू. आधी साबण, मग धीरगंभीर सरकारी सूचना, मग एक म्हातारा, एक लाडात आलेलं पोर, मग थंडगार सरबत. शेवटी रेल्वेची उद्घोषणा अशी हुबेहूब, की दोघं-तिघं उठायला लागले. एकदाही अडखळले नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुंबईचा रेकॉर्डिस्ट कानावरचे हेडफोन काढून उभा राहिला आणि म्हणाला, याला आम्ही घेतला. माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. टाळ्या थांबल्या. तेवढ्यात आईने मला विचारलं, बाजारात विचारावं तसं मोकळ्या गळ्याने, "माजा हरी कवा बोलनार?"

अख्ख्या हॉलने ते ऐकलं. कोणीतरी हसलं. मी हळूच सांगितलं, अहो आई, तोच बोलला आता. तिने मान हलवली. इतकी माणसं बोलली, ती सगळी तिने मन लावून ऐकली होती, आणि त्यांत तिचा मुलगा नव्हता. तिने वाकून टोपली ओढली आणि उठायला लागली.

चादरीमागे म्हात्र्यांनी हे सगळं ऐकलं असणार. इतक्या दिवसांची तयारी, सगळ्यात चांगले आवाज निवडून काढलेले, आणि त्यात स्वतःचाच घ्यायचा राहून गेला होता. मग माईकमधून एक आवाज आला. पातळ, थोडा चिरका, लेव्हलबिव्हल न घेतलेला. आम्ही इतकी वर्षं शेजारी, पण मी तो कधी ऐकला नव्हता.

"आय, मी हाव गो. जेवलीस का?"

म्हातारी खाली बसली. "जेवले रं. तू?"

"मी मंग जेवतंय. गुडगं कसं हाय?"

"दुखतंय."

"मंग टोपली ठेव आता खाली. मी कमावतंय, आय. खरंच कमावतंय. आता बोलली ती सगली मीच हाव."

हॉलमध्ये सगळे पोटातून बोलणारे लोक होते. सगळे खुर्च्या सरकवून म्हातारीकडे वळले. म्हातारीने चादरीकडे बघत विचार केला. तिला पटलं, हे तिच्या तोंडावर मला दिसलं. कारण या आवाजात हरी कधी खोटं बोलला नसणार.

"ठेवते," ती म्हणाली. "पन तू माज्याशी असाच बोल. तो दुसरा मानूस घरा नको आनू."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, रेकॉर्डिस्ट डोळे पुसत होता. आईला घेऊन आमचे हे वड्यांकडे गेले. या दोघांनी मग सगळ्यांच्या वाटचे वडे खाल्ले. पंखे लागले. माणसं कार्डं खिशात घालून पांगली, तरी म्हात्रे काही बाहेर येईनात. मी पाण्याचा पेला घेऊन चादरीमागे गेले. ते स्टुलावर बसले होते, माईक बंद करून, हात मांडीवर. मी म्हटलं, झालं ना मनासारखं? मग असे का बसलात?

म्हात्रे मला उत्तर द्यायचे ते नेहमी बातम्यांसारखं. त्या दिवशी तसं दिलं नाही.

"वैनी, पयल्या दिशी स्टुडिओन गेलो, तोंड उगडला, तर सगली हसली मना. तवापासना यो आवाज फकस्त आयसाटी ठेवलाय. दुसऱ्या कोनाशी बोलाला भ्या वाटतं." त्यांनी पाणी घेतलं, प्यायले नाहीत. "आय गेली का मंग कोनाशी बोलू?"

तुमची आई शंभर वर्षं जगेल, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं. माझं माहेर कणकवलीकडचं. लग्न होऊन इकडे आल्यावर मी शिकवायचे त्या शाळेतल्या बायका, बिल्डिंगमधल्या बायका, सगळ्यांशी मी शुद्धच बोलत आले होते. आई-बाबा गेल्यावर तर माहेरची बोली कानावरही पडली नव्हती. तोंडातून आपोआप निघालं, "माझ्यावांगडा बोला ओ. माका सगळा कळता."

म्हात्र्यांनी वर बघितलं. हसले नाहीत. म्हणाले, "बसा ना वैनी," आणि स्वतः उठून मला स्टूल दिलं.