सगळी म्हणजे सगळी!

"सगळ्या पानांना कुलूप लाव!" मालक गरजला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्याच्या कंपनीच्या वेबसाइटवरून कुणीतरी दरपत्रक उचललं होतं. कंपनी सासूबाईंच्या पैशावर उभी, मालक सासूबाईंच्या मेहेरबानीवर. त्यामुळे गरजायला बिचाऱ्याला ऑफिस तेवढं उरलं होतं.

"साहेब, प्रत्येक पानाला वेगळं कुलूप लावता येतं," प्रोग्रामर म्हणाला. त्याला सगळे चष्मिस म्हणत. "दरपत्रकाला लावतो. बाकीची राहू द्या उघडी."

"सगळी म्हणजे सगळी!"

"लॉगिनचं पानसुद्धा? अहो, मग लोक आत..."

"तुला पगार अक्कल पाजळायला देतो का रे? फक्त माझा फोटो आणि संदेश उघडा ठेव. जगाने पाहू दे."

चष्मिसचंही डोकं सणकलं. घे सगळी! त्याने कुलपं ठोकली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पाहणीला आल्या. कंपनी काढून घ्यायची की ठेवायची, हे आज ठरणार होतं. धास्तीपायी मालकाने सकाळपासून चहावर चहा ढोसला आणि नवी वेबसाइट दाखवायला सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेण्यासाठी त्यांना आणि चष्मिसला घेऊन लिफ्टमध्ये शिरला. मजल्याच्या हातभर वर जाऊन लिफ्टने मान टाकली.

आरडाओरडा ऐकून बाहेर मेकॅनिक आला.

"दार उघड!"

"तक्रारीचा नंबर सांगा."

"अरे, मी मालक आहे!"

"मागे एकजण असंच म्हणाला होता. मी नंबराशिवाय उघडलं आणि तुम्ही माझा पगार कापलात. नंबर आणा."

मालकाने फोनवर तक्रारीचं पान उघडलं. ‘आधी लॉगिन करा.’ लॉगिनचं पान उघडलं. ‘हे पान पाहण्यासाठी आधी लॉगिन करा.’

"हे काय रे गाढवा?"

"सगळी म्हणजे सगळी, साहेब."

चष्मिसने वरच्या मजल्यावरच्या जोडीदाराला फोन लावला. "लॉगिनचं कुलूप काढ आणि आमची तक्रार टाक, लवकर!" जोडीदार म्हणाला, थोडा वेळ लागेल.

"जावईबापू, नाचताय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो. ते... चहा..."

सासूबाईंनी स्वतःचा फोन काढला. एकच पान उघडत होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "‘आमच्या लिफ्टमध्ये माणूस अडकत नाही. अडकलाच, तर क्षणात सुटतो.’ फोटो बाकी झकास आलाय हो!"

मालकाने पाय आवळले. सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि उरलेलं पाणी सावकाश, गटागट आवाज करत संपवलं. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धरा," रिकामी बाटली पुढे करत त्या म्हणाल्या. "हिला लॉगिन लागत नाही. ए चष्मिस, भिंतीकडे तोंड कर!"

सासूबाई आणि चष्मिस भिंतीकडे वळले. मालकाने इज्जतीला हाक मारून पाहिली, पण ती कधीच जिन्याने उतरून गेली होती. शेवटी त्याने चेन उघडून बाटली लावली.

तेवढ्यात चष्मिसच्या फोनवर निरोप आला: ‘तक्रार नोंदवली.’ बाहेर मेकॅनिकलाही नंबर मिळाला. आता त्याची काहीच हरकत नव्हती. त्याने किल्ली फिरवून दार सताड उघडलं.

बाहेर अख्खं ऑफिस जमलं होतं. लिफ्ट हातभर उंच, त्यामुळे मालक थेट रंगमंचावर.

सासूबाईंनी मान वळवली नाही.

"चष्मिस," त्या भिंतीलाच म्हणाल्या, "कुलूप या पानाला हवं होतं."