आप्पांचं ‘हाय’

आमच्या शेजारचे आप्पा म्हशीशी रशियन बोलतात. त्यांचा गोठा आणि माझी मोरी यांच्यात एकच भिंत, त्यामुळं दात घासताना मला रोज ऐकू येतं, “एता मलाको! एता गौरी!” म्हणजे हे दूध, ही गौरी. गौरी बिचारी रवंथ करत असते.

आप्पांच्या वयाची माणसं कट्ट्यावर बसतात. आप्पांच्या पायाला भिंगरी. पोरगा डॉक्टरकी शिकायला रशियात गेला तो तिथंच लग्न करून राहिला. नात आन्या सहा वर्षांची, तिला मराठीचा गंध नाही. दर रविवारी पोरगा फोन लावून तिच्या हातात द्यायचा आणि आजा-नात नुसतं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहायची. ते आप्पांना सोसेना. त्यांनी मोबाईलवर रशियन शिकायला घेतलं आणि आमच्या डोक्याला ताप झाला.

पहिल्या धड्यालाच दुधाची किटली घेऊन दारात हजर. “वैनी, त्यास्नी ‘हाय’ लागतच न्हाय बगा! हे दूध. झालं वाक्य! नाद खुळा!”

त्या दिवसापासून आप्पांच्या मराठीतलंही ‘हाय’ गेलं. “वैनी, दूध ताजं. गौरी रागात. मी घाईत.” एकदा मी वैतागून म्हटलं, “आप्पा, आज दूध पातळ आहे.” तर पाण्याचं राहिलं बाजूला, मलाच विचारतात, “‘आहे’ कशाला?”

परवा रविवारी खर्डा द्यायला गेले, तर फोन चालू होता. आप्पा गोठ्यात येरझाऱ्या घालत नातीला म्हैस दाखवत होते.

“एता हाय गौरी!”

“न्येत, आप्पा, न्येत!” पोरगी खिदळत ओरडली. “एता गौरी!”

“बरं, बरं. एता हाय मलाको!”

“न्येऽऽत!” पडलेल्या दातांची खिडकी दाखवत ती हसून लोळायला लागली.

मला काही राहवेना. फोन बंद झाल्या झाल्या मी तोंड सोडलं, “अहो आप्पा, म्हशीपुढं बिनचूक बोलताय आणि नातीपुढं माती खाताय व्हय?”

आप्पा चक्क बाजेवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

“एका रविवारी समदं बरोबर म्हटलं, वैनी. पोरगी ‘मलाद्येत्स’ म्हणाली, म्हंजे शाब्बास. आन् पळाली की खेळाय.” अंधारलेल्या फोनवर त्यांनी अंगठा फिरवला. “चुकलं की थांबती.”

मी खर्ड्याची वाटी त्यांच्यापुढं ठेवली आणि निघाले, तर आप्पा उठून पायऱ्यांपर्यंत मागं आले.

“वैनी, आज जरा कमीच हसली न्हवं? ‘हाय’ जुनं झालं वाटतं. दुसरी एकादी चूक सुचवा की.”