जॉर्जेट आरवली

"हळू बोला हो भाऊ, पोरी झोपू राहिल्या!"

हे वाक्य आमच्या सोसायटीत रोज दुपारी घुमतं आणि इतक्या जोरात घुमतं की पोरीच काय, समोरच्या बिल्डिंगमधली माणसंसुद्धा दचकून उठतात. बोलणारे भिका आप्पा. माझे शेजारी, अगदी दाराला दार. आणि पोरी म्हणजे चार कोंबड्या. निदान आप्पांचं म्हणणं तरी तसंच आहे.

मूळ धुळ्याकडच्या या माणसानं अख्खी हयात सुरतेत, बमरोलीच्या कापडाच्या लूमवर काढली. त्या खडखडाटात कान गेले, आवाज तेवढा शाबूत राहिला. मुलानं कानाचं मशीन आणून दिलंय, ते शोकेसमध्ये फुलदाणीशेजारी विराजमान आहे. "त्याच्यात नुसती खरखर येते भाऊ, माणूस येत नाही," म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, आमच्या माई, गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी आप्पा बाजारातून साड्यांचा एक खोका छातीशी धरून आले. आत चार पिल्लं. "सिल्की म्हणतात याले. रेशमी कोंबडी! सुरतेत राहून रेशीम नाही पाळायचं तर काय पाळायचं?"

मी ओरडून म्हटलं, आप्पा, जन्मात कधी कोंबडी पाळलीत का? तर म्हणे, "लूम तरी पहिल्या दिवशी कुठं येत होता माले?" आता या माणसाशी काय वाद घालणार!

दुसऱ्याच दिवशी बोंब. आप्पांनी एका पिल्लावर फुंकर मारली, तर पांढऱ्या लवेखाली कातडी काळीकुट्ट. "फसवलं भाऊ! डाइंग केलेला माल दिला!" आणि या गृहस्थानं काय करावं? रंग पक्का आहे की कच्चा, हे बघायला ओला रुमाल घेतला आणि चारही पिल्लं खसाखसा पुसून काढली. कापडाची परीक्षा अशीच करतात म्हणे. पिल्लं गारठून माना टाकायला लागली. मग माझ्या बायकोचा हेअर ड्रायर गेला तो गेलाच. आम्ही आजतागायत केस पंख्याखाली वाळवतो. संध्याकाळी आप्पांनी निकाल दिला, "रंग पक्का आहे. कातडंच काळं आहे. आणि पायाची बोटं पाहिली का? चाराच्या जागी पाच! माल जास्तीचा दिला बिचाऱ्यानं."

सोसायटीचा सेक्रेटरी मी. का, तर बँकेत आहे म्हणून. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन थेट माझ्याच दारात. या जिन्यानं आजवर अंडं चढलेलं नाही आणि तुम्ही कोंबड्या चढवल्या? आप्पांनी स्वतः जाऊन त्यांना ग्वाही दिली, "खाणार नाही हो बेन! नावं ठेवली त्यांची. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप आणि साटीन. नाव ठेवलेलं कोणी खातं का?" हंसाबेन विरघळल्या, पण एका अटीवर. कोंबड्या चालतील, कोंबडा नाही. एकदा जरी बांग ऐकू आली तर जो आरवेल तो बाहेर. आणि ही जबाबदारी कोणाची? सेक्रेटरीची. कपाळ माझं!

पिल्लं वाढली आणि डोक्यावर असा तुरा फुगला की डोळेच दिसेनात. आप्पा साडीच्या लेसचे तुकडे घेऊन रोज सकाळी चौघींची वेणीफणी करत बसायचे. "दिसलं पाहिजे ना त्यांना!" काय दिसायचंय, सिनेमा? असं मी विचारलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

एक मात्र खरं. माई गेल्यावर आप्पांची बेल वाजवून बोट दुखायचं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून निघून जायचा, मीही दोन-तीनदा कंटाळून परत फिरलो होतो. पिल्लं मोठी झाली तसं बेल वाजली की दार उघडायला लागलं. मला वाटलं, चला, मशीन लावायची अक्कल आली.

आणि उत्तरायणाच्या सुमारास एका सकाळी जॉर्जेट आरवली.

गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज. हंसाबेन चहाही न घेता खाली. मी तरातरा आप्पांकडे गेलो, बेल वाजवली, दार लगेच उघडलं. मी ओरडून सांगितलं, "आप्पा, जॉर्जेट कोंबडा आहे! आरवतो!"

"काहीतरीच काय भाऊ? मी चोवीस तास घरात आहे. माले तर नाही ऐकू आलं!"

शेवटी मी त्यांचा हात धरून जॉर्जेटच्या छातीवर ठेवला. सकाळपासून बिल्डिंग डोक्यावर घेणारा तो प्राणी आता साळसूद गप्प. आम्ही दोघं आपले जमिनीवर उकिडवे. मग एकदाची त्यानं मान ताणली आणि आरवला.

आप्पांनी दुसराही हात तिथंच ठेवला. "लूम सुरू होतो ना भाऊ, तशी धडधड," ते म्हणाले. हळू म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"शब्द म्हणजे शब्द," ते उठले. "जवळच चलथान गावाले बहीण आहे माझी. तुमच्या गाडीनं पोचवून द्या." त्यांनी तोच खोका काढला, आत जुन्या साडीची घडी घातली, जॉर्जेटच्या तुऱ्याची लेस नीट केली. मग म्हणाले, "बेल वाजली का हाच मान वर करतो. दाराकडं बघतो, मग माले कळतं. बाकीच्या तिघी खात बसतात. आधी माई सांगायची, कोणी आलं म्हणून. ती गेली आणि माले वाटायचं, आता आपल्याकडं कोणी येतच नाही."

मी खोका घेऊन बाहेर आलो. दार लागलं. तेव्हा लक्षात आलं, दाण्याची पिशवी आतच राहिली.

मी बेल वाजवली. खोक्यातून जॉर्जेटनं मान वर काढली आणि दाराकडं बघितलं. दार उघडलं नाही. परत वाजवली, त्यानं परत बघितलं. दाराला कान लावला तर आत आप्पा सुस्कारे टाकत झाडू मारत होते. मी बेलवरचं बोट काढलंच नाही. जॉर्जेट एकदा बेलकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला आणि मग सगळा जिना दणाणून टाकत आरवला.

वरून हंसाबेन कडाडल्या, "हजी गयो नथी? कोनो छे आ?" अजून गेला नाही? कोणाचा आहे हा?

"मारो छे!" मी ओरडलो. आप्पांपेक्षाही जोरात.