एकेचाळीस फेऱ्या मारून आलेलं पुस्तक

शनिवारची शाळा सुटली की रामकिसन गुरुजींच्या वर्गापुढं पोरांची झुंबड उडायची, आणि ती बघून अप्पाराव गुरुजींच्या पोटात दुखायचं. ओवा खाऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतं. सगळ्याला कारण रामकिसननं पोरांना सुचवलेलं एक बारकंसं पुस्तक, 'शेळीची शाळा'.

पंचायत समितीच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं. पाचवी ते सातवीच्या मुलांनी काय वाचावं, ते प्रत्येक गुरुजींनी एकेक पुस्तक निवडून सुचवायचं. नोंदवहीत जे घरी नेल्याच्या नोंदी जास्त, ते अंबड तालुक्याच्या शिफारस यादीत पहिलं लागणार आणि त्याखाली गुरुजींचं नाव छापून येणार. अप्पारावांची नोकरी अठरा वर्षांची, रामकिसनची जेमतेम चार. ते कालचं पोर यादीत वर बसलं, तर तीर्थपुरीच्या बाजारात तोंड कसं दाखवायचं?

अप्पारावांनी निवडलं होतं 'गुरुसेवेची गोड फळे'. नावच इतकं सोज्वळ होतं की आत डोकावायची गरज त्यांना वाटली नाही. दीड महिना झाला, पण एक पोर त्याला शिवलं नव्हतं.

"गुरुजी, माझ्या पुस्तकाची पार चाळण झाली बघा," रामकिसन हसत म्हणाला. "पोरं जेवताना बी वाचून राह्यलेत."

"पोरान्ला काय, शेळीच लागती! ज्ञान कुनाला पायजे?" असं म्हणून अप्पाराव निघाले, ते घरी पोचेपर्यंत जळतच होते.

सोमवारी त्यांनी छडी कपाटावर टाकली. गृहपाठ केला नाही, उशीर झाला, वर्गात बोललं, तर शिक्षा एकच. 'गुरुसेवा' एक दिवस घरी न्यायचं आणि नोंदवहीत सही करायची. पोरं मान खाली घालून पुस्तक न्यायची, घरी उतरंडीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सुटलो बुवा म्हणत परत आणायची. दोन महिन्यांत एकेचाळीस नोंदी झाल्या. शेळी छत्तिसावर अडली. अप्पारावांना दोन घास जास्त जाऊ लागले.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की रामकिसनचं पुस्तक वाचून वाचून लक्तर झालंय आणि आपलं मात्र कोरं करकरीत आहे. शेवटी त्यांनी पुस्तक घरी आणलं आणि चुलीपाशी बसून त्याला वरूनच हळदीची बोटं लावली, तेलाचे डाग पाडले, पुठ्ठ्याचे कोपरे मुडपले.

"आवं, पुस्तकाला फोडणी देऊन राह्यले का काय?" चतुराबाई, त्यांची बायको, परातीतून मान वर करून म्हणाली.

"तू भाकरी थाप. हे शिक्षणखात्याचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नोंदवही पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. "एकेचाळीस! वा, अप्पाराव! आणि पुस्तक किती हाताळलंय बघा." अप्पारावांनी रामकिसनकडं तिरपा डोळा टाकला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. अठरा वर्षांच्या नोकरीत इतकी गोड सकाळ उगवली नव्हती.

"काय गं, काय नाव तुझं?" साहेबांनी पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारलं.

"बेबीनंदा."

"तू पाच वेळा नेलंस की हे पुस्तक! काय आवडलं त्यात?"

"ते वाचायचं नसतं, साहेब," बेबीनंदा म्हणाली. "गृहपाठ केला न्हाई की न्यायचं असतं."

साहेबांनी पुस्तक उघडलं. ते कुठल्याशा छापखान्यातून कडा न कापता आलेलं होतं. पानं वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेली होती, ती फोडल्याशिवाय वाचताच येत नव्हती. एकही पान फोडलेलं नव्हतं.

"एकेचाळीस वेळा नेलं आणि पान एकही उघडलं नाही? अप्पाराव, तुम्ही तरी वाचलंय का?"

"नाव वाचलंय, साहेब."

रामकिसन खिडकीबाहेर बघत खोकला. साहेबांनी टेबलावरची फूटपट्टी घेतली, पानं फोडली आणि पुस्तक अप्पारावांच्या हाती दिलं. "आता वाचा. इथंच, मोठ्यानं."

लाजेनं कानशिलं तापली होती, तरी अप्पाराव वाचू लागले. पहिल्याच पानावर गुरू शिष्याला सांगतो, "आश्रम मोकळा मोकळा वाटला पाहिजे." शिष्य आश्रमातलं सगळं सामान शेजारगावी वाटून येतो. पुढं गुरू म्हणतो, "मी झोपलो की कुणाला आत येऊ देऊ नकोस." शिष्य बाहेरून कडी घालतो आणि तीन दिवस जत्रेला जातो. पोरं आधी दबकत हसली, मग पोट धरून हसली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अजून एक वाचा हो!" म्हणत त्यांनी चार प्रकरणं ऐकली आणि जाताना यादीत पहिलं नाव 'गुरुसेवेची गोड फळे' असं लिहिलं. खाली अप्पारावांचं.

त्या दिवसापासून पोरं मुद्दाम गृहपाठ चुकवू लागली.

शुक्रवारी दुपारी नेहमीप्रमाणं अप्पारावांचा डोळा लागत होता. "गपगुमान पाढे लिवा," ते जांभई देत म्हणाले. "कुनाला आत सोडू नका."

जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होता आणि दाराला बाहेरून कडी होती. लांबून पोरांच्या विटीदांडूचा आवाज येत होता. खिडकीबाहेर लिंबाखाली रामकिसन बसला होता आणि मांडीवर 'गुरुसेवा' घेऊन एकटाच खिदळत होता.

"रामकिसन! आरं, कडी काढ जल्दी!"

"तेवढं पान होऊ द्या, गुरुजी." मग त्यानं मान वर केली. हसू मावळलं होतं. "खरं सांगू का? लई जळून राह्यलो तुमच्यावर. असं पुस्तक मला बिलकुल घावलं नसतं. रात्री झोप बी न्हाई आली."

अप्पारावांनी खिडकीचे गज सोडले. पोटातलं दुखणं कुठल्या कुठं गेलं होतं. ते परत खुर्चीवर टेकले आणि त्यांनी पाय लांब केले.

"होऊ दे तुझं," ते म्हणाले. "कडीची काय घाई न्हाई. पर मंगाशी काय म्हनलास, ते जरा मोठ्यानं म्हन. हितवर बराबर ऐकू येत न्हाई."